घड्याळात साडेपाच तास, खुर्चीत सोळा

मागच्या अंकात संपादकांनी माझ्या नावाखाली एक ओळ छापली की हे गृहस्थ एकतीस वर्षं विमानांचे फ्लाइट प्लॅन बनवायचे, अंतर आणि वेळ याबद्दल काही विचारायचं असेल तर पत्र टाका. मला वाटलं चार-पाच येतील. पिशवी भरून आली. बऱ्याच जणांनी मला पायलटच समजून लिहिलंय, तर आधी ते सांगतो, मी डिस्पॅचर होतो. म्हणजे पायलट विमानात चढायच्या आधी कुठल्या वाटेने जायचं, वर वारा कसा आहे, किती इंधन भरायचं, मुंबईत उतरता आलं नाही तर कुठे जायचं, याचा कागद जो बनवतो तो. विमान कधी चालवलं नाही, पण विमानाला उशीर का झाला हे मात्र रोज सांगितलंय.

प्रश्न (चिंचवडचे एक आजोबा): सुनेचं बाळंतपण आहे म्हणून आम्ही दोघं जानेवारीत न्यू जर्सीला चाललोय. तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ रात्री १.३० आणि न्यूयॉर्कला पोचायची सकाळी ७.००, तारीख तीच. म्हणजे साडेपाच तासांत अमेरिका? फेब्रुवारीत परत येताना सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, म्हणजे साडेचोवीस तास! मुलगा म्हणतो जायला १६ आणि यायला १४. शेजारचे म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो. नक्की काय समजायचं?

मुलाचं बरोबर आहे, शेजाऱ्यांचं नाही, आणि तिकीट खोटं बोलत नाहीये, फक्त दोन वेगवेगळ्या भिंतींवरची दोन घड्याळं एका ओळीत छापतंय. निघायची वेळ मुंबईची, पोचायची न्यूयॉर्कची. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तुम्ही तिथे सकाळी ७ ला उतराल तेव्हा चिंचवडच्या घरात संध्याकाळचे ५.३० वाजलेले असतील, आणि रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे झाले की सोळा तास. येताना उलटं करा, साडेचोवीसातून साडेदहा काढा, चौदा उरतात. एवढंच गणित आहे. फक्त एक लक्षात ठेवा, सुनेने आग्रह केला आणि मुक्काम लांबला तर मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग फरक साडेनऊ तासांचा होतो तो थेट नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. त्या दिवसांत घरी फोन करताना हमखास घोळ होतो, आमच्याकडे तर ऑफिसात घोळ व्हायचा, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक बदललं की पहिले दोन दिवस सगळे एकमेकांना विचारत फिरायचे.

आता शेजाऱ्यांचा मुद्दा. हा मुद्दा मला लग्नात, बारशात, रिक्षात, सगळीकडे ऐकवला गेलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हे खरं, आणि चांगली जोरात फिरते, मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी १,५८० किलोमीटरच्या आसपास पूर्वेला सरकत असते. पण हवा पण तिच्यासोबतच फिरते ना. तुम्ही धावत्या लोकलमध्ये शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलता तेव्हा तो मागच्या डब्यात जाऊन पडतो का? नाही पडत. हवा सोबत फिरत नसती तर शिवाजी पार्कवर एक हेलिकॉप्टर तासभर अधांतरी उभं केलं असतं आणि खाली बघितलं तर ओमानचा किनारा आला असता, कशाला पाहिजे होतं एवढं इंधन. आणि गंमत बघा, शेजाऱ्यांचं खरं मानलं तर अमेरिकेला जाताना, म्हणजे पश्चिमेला जाताना, वेळ कमी लागायला पाहिजे, कारण अमेरिकाच आपल्याकडे येतेय! प्रत्यक्षात जाताना जास्त लागतो. म्हणजे कारण तर चुकीचं आहेच, उत्तर पण उलटं येतंय.

खरं कारण वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथे मोठी विमानं उडतात बरोबर तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. (पृथ्वीच्या फिरण्याचा हात या वाऱ्यांची दिशा ठरवण्यात आहे, त्यामुळे शेजाऱ्यांना अगदीच शून्य मार्क नका देऊ.) ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर तर नेहमीचंच, थंडीत त्याच्याही वर जातं, आणि तुम्ही नेमके थंडीतच चाललाय. शाळेतलं नावेचं गणित आठवतंय का, प्रवाहाच्या दिशेने अमुक आणि प्रवाहाविरुद्ध तमुक? तेच. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५५० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग धरा ९०० आणि सगळ्या वाटेवर सरासरी वारा धरा फक्त ६०. जाताना जमिनीवरचा वेग ८४०, म्हणजे १५ तासांना चार मिनिटं कमी. येताना ९६०, म्हणजे १३ तास चार मिनिटं. झाले की जवळपास दोन तास. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर गेटला लागणं मिळवलं की तुमच्या मुलाचे १६ आणि १४ आले.

वारा काय करू शकतो याचं एक उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जिथे एरवी सहा-साडेसहा तास लागतात. ते विमान काही आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेलं नव्हतं, आजूबाजूची हवाच पळत होती आणि विमान त्या हवेत नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. त्याच दिवसांत उलट्या दिशेने न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचं काय झालं असेल त्याची बातमी मात्र कोणी करत नाही.

आणि त्याहून माझं आवडतं उदाहरण आपल्याकडचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर झालं साधारण १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ? जवळजवळ दोन तास कमी, साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीमागून. मी तेव्हा चहा पिता पिता एका ज्युनियरला म्हटलं होतं, अंतर विचारणारा प्रवासी असतो आणि वारा विचारणारा डिस्पॅचर. तो हसला नाही, नाइट ड्युटी होती त्याची.

जाताना रात्र फार मोठी वाटेल हेही सांगून ठेवतो, कारण माझ्या बायकोने पहिल्या वेळी तीनदा विचारलं होतं की उजाडणार कधी. तुमचं विमान साठ अंशांच्या वरच्या अक्षांशावरून जाऊ शकतं, तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग विषुववृत्तावरच्या निम्मा, साधारण ८३५ किलोमीटर असतो, आणि तुमचं विमान जवळपास त्याच वेगाने पश्चिमेला पळतंय. म्हणजे पहाट तुमच्या मागे धावतेय आणि तुम्ही तिला गाठू देत नाही. जानेवारीत तर न्यूयॉर्कला उतरतानाच उजाडेल. मधूनमधून जागेवरून उठा, पाय मोकळे करा, मोजे घट्ट घालू नका, पाणी पीत राहा.

प्रश्न (नाशिकच्या एक वाचक): सात-आठ वर्षांपूर्वी मुंबईहून अमेरिकेला गेले तेव्हा पुढच्या सीटच्या स्क्रीनवर विमान चक्क वर उत्तरेला, अफगाणिस्तान, रशिया, मग आइसलंड असं चाललं होतं. मला वाटलं वाट चुकलं. या वर्षी गेले तर निघाल्या निघाल्या समुद्रावर, मग आखात, मग युरोप. सरळ पश्चिमेला का नाही जात? आणि दर वेळी वेगळं का?

ताई, वाट चुकलं नव्हतं, उलट तेव्हाच ते सगळ्यात सरळ चाललं होतं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर (नसेल तर नातवाचा मागा, शाळेच्या प्रोजेक्टनंतर तो कपाटावर पडलेलाच असतो) एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि एक न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ओढा. दोरा आपोआप वर सरकेल. मुंबईहून निघून कंदाहारच्या जवळून, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या थोडं वरून, हेलसिंकीच्या अगदी शेजारून, मग आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. सगळ्यात उत्तरेला गेल्यावर तो दोरा जवळपास ६५ अंशांवर असतो. याला ग्रेट सर्कल म्हणतात आणि गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. भिंतीवरच्या नकाशात तुम्ही पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, मोरोक्को अशी जाते, दिसते सरळ पण तिची लांबी भरते साधारण १४,२०० किलोमीटर, म्हणजे दोऱ्यापेक्षा सोळाशे-सतराशे किलोमीटर लांब. चूक विमानाची नाही, नकाशाची आहे, गोल गोष्ट सपाट कागदावर चिकटवायची म्हटली की उत्तरेकडचा भाग ताणावा लागतो, पोळी लाटताना एका बाजूने ताणली की कशी होते तसं.

ही झाली सरळ वाट. पण सरळ वाट ही फक्त सुरुवात असते, पुढे आमचं काम सुरू होतं. प्रत्येक देशाच्या डोक्यावरचं आकाश त्या देशाचं, तिथून जायला परवानगी लागते आणि पैसे मोजावे लागतात, आणि परवानगी कधी पण बंद होऊ शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं ते पूर्ण उघडलं जुलैत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्ता बदलली आणि अफगाणिस्तानवरून जाणं बहुतेकांनी सोडलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येईना, आपल्या कंपन्यांना मात्र येत होतं, म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान एका वाटेने आणि दुसरीचं वेगळ्या. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली आणि ती महिन्या-महिन्याने वाढत गेली. तुम्ही या वर्षी समुद्रावरून आखाताकडे गेलात ते यामुळे. यात मुंबईकर त्यातल्या त्यात सुखी, आपल्या दारातच अरबी समुद्र आहे, निघालं की डावीकडे. खरा फटका दिल्लीला, त्यांना पश्चिमेला जायचं तर आधी खाली गुजरातपर्यंत यायचं आणि मग वळायचं, इतकं की बंदीच्या सुरुवातीला अमेरिकेच्या काही विमानांना मध्ये युरोपात थांबून इंधन भरावं लागलं.

इंधनाचं लोकांना नीट समजत नाही म्हणून सांगतो. लोक म्हणतात वाट लांब झाली तर टाकी जरा जास्त भरा. पण जास्त भरलेलं इंधन वाहून न्यायला पण इंधन लागतं, आणि विमानाचं एकूण वजन ठरलेलं असतं त्याच्या वर टेकऑफ करता येत नाही, मग सामान कमी करा नाहीतर प्रवासी कमी करा नाहीतर मध्ये थांबा. घाटात गाडीला टपावर सामान बांधलं की ती जास्त पेट्रोल पिते तसंच, फक्त इथे घाट सोळा तासांचा आहे.

याच्या वर वारा आहेच. उत्तर अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाटा नव्याने आखतात, युरोपहून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या, येणाऱ्यांसाठी वेगळ्या, कारण जाणाऱ्याला त्या जेट स्ट्रीमपासून लांब राहायचंय आणि येणाऱ्याला तिच्या मांडीवर बसायचंय. म्हणून तुमच्या स्क्रीनवरची रेघ परवाच्या मैत्रिणीच्या रेघेशी जुळणार नाही, आणि जुळली तर योगायोग समजा.

प्रश्न (ठाण्याचे एक वाचक, सेल्समध्ये आहेत, महिन्यातून चारदा दिल्ली): मुंबई–दिल्ली हवेत पावणेदोन तासच असतो मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय. मग तिकिटावर सव्वादोन तास का? आणि वर पायलट अभिमानाने सांगतो की आपण वीस मिनिटं लवकर पोचलोय!

तुमच्यासारखे घड्याळ लावणारे प्रवासी आम्हाला फार त्रास देतात. असो. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच, तो ब्लॉक टाइम असतो. गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून पलीकडच्या गेटला उभं राहिलं तिथपर्यंत. मुंबई–दिल्ली सरळ अंतर १,१४० किलोमीटरच्या आसपास, नुसतं भागलं तर सव्वा तास यायला पाहिजे, पण विमान काही निघाल्या निघाल्या ९०० ने जात नाही, चढायला वेळ, उतरायला वेळ, आणि मुंबईत बहुतेक वेळा टेकऑफ होतो जुहूच्या बाजूला समुद्राकडे, दिल्ली उत्तरेला, म्हणजे आधी उलटं जाऊन मग वळायचं.

आणि मग रांग. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, फुलीसारख्या, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, एवढं मोठं शहर आणि व्यवहार एका पट्टीवर. संध्याकाळी खाली आठ-दहा विमानं रांगेत आणि वर तेवढीच घिरट्या घालतायत असं चित्र मी किती वेळा बघितलंय. पालघरच्या वर किंवा समुद्रावर गोल गोल फिरताय असं वाटलं तर तुमचा भ्रम नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, ओझं हळूहळू वाटून जाईल.

आता वीस मिनिटं लवकरचं गुपित. कंपन्यांना ही सगळी रांग माहीत असते म्हणून त्या आधीच वेळापत्रकात गादी भरून ठेवतात. वेळेवर म्हणजे काय तर ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत, आणि त्याची टक्केवारी दर महिन्याला डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, छापते, कोण पहिला कोण शेवटचा. मग कोण कशाला १ तास ५० मिनिटं छापेल? सव्वादोन छापायचं, रांग नसली की लवकर पोचून टाळ्या घ्यायच्या. शिवाय हल्ली विमानं थोडी हळू पण उडवतात, आमच्या भाषेत कॉस्ट इंडेक्स म्हणून एक आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकतात, कमी टाकला तर विमान इंधन वाचवत जातं, जास्त टाकला तर पळतं. इंधन महाग झालं की तो आकडा खाली येतो आणि तुमची पाच मिनिटं जातात. मला विचाराल तर गादी भरण्यात काही पाप नाही, रोज उशीर सांगण्यापेक्षा बरं, फक्त त्याचा अभिमान माईकवरून सांगू नये.

प्रश्न (डोंबिवलीत राहणारे एक नागपूरकर): समृद्धी पूर्ण झाल्यापासून घरात भांडण आहे. बायको म्हणते कारने जाऊ, मी म्हणतो विमान. खरंच किती वेळ वाचतो?

भांडणात मला ओढू नका. आकडे देतो. मुंबई–नागपूर हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये उघडला. हा आमणे तुमच्या डोंबिवलीपासून तसा जवळच. विमान दीड तासाचं, पण घर ते विमानतळ दीड तास (शुक्रवारी संध्याकाळी मी हा आकडा मागे घेतो), दोन तास आधी पोचायचं, उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, नागपुरात घरी जायला अर्धा. सहा-साडेसहा तास झाले. कारने कमाल वेग १२० आणि मध्ये जेवण-चहा धरून आठ-साडेआठ तास. म्हणजे वाचले दोन. त्या दोन तासांसाठी चार तिकिटं काढायची की नाही हे घरात ठरवा. मुलं लहान असतील आणि गाडी तुम्ही एकटेच चालवणार असाल तर मी विमान म्हणेन, त्या सरळसोट रस्त्यावर दुपारच्या जेवणानंतर डोळा लागतो.

प्रश्न (रत्नागिरीच्या एक आई, मुलगा दुबईत): मुलगा म्हणतो दीड तासात पोचलो. इतकं जवळ आहे दुबई?

नाही हो, थट्टा करतोय तुमची. मुंबई–दुबई साधारण १,९३० किलोमीटर, जायला तीन-सव्वातीन तास. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणून घड्याळात तेवढे दीडच-पावणेदोन तास गेलेले दिसतात. येताना तो गप्प बसतो बघा, कारण तेव्हा साडेचार दिसतात. (काठमांडू आपल्या पंधरा मिनिटं पुढे आहे, तिथे जाणारे तर घड्याळ लावायचंच विसरतात.)

प्रश्न (सांगलीच्या एक आजी): मला संकष्टी असते, गेली चाळीस वर्षं मोडली नाही. अमेरिकेला निघायच्या दिवशीच संकष्टी आलीय, विमान रात्री दोनला. चंद्रोदय कुठला धरायचा? आणि मला शुगर आहे.

आजी, मी पंचांगातला माणूस नाही पण घड्याळातला आहे, त्यामुळे अर्धं उत्तर देतो. संकष्टीचा चंद्रोदय आपल्याकडे साधारण रात्री साडेआठ ते दहाच्या मध्ये होतो. तुमची संकष्टी जर विमानाच्या आदल्या संध्याकाळची असेल तर काही प्रश्नच नाही, घरी चंद्र बघा, मोदक खा आणि मग विमानतळावर निघा. पण रात्री दोनला विमान म्हणजे तारीख बदललेली असते, हे नीट बघा, तिकिटावरची तारीख आणि तुमच्या मनातला वार यात एका दिवसाचा फरक असतो. माझ्या डोळ्यांदेखत लोक चोवीस तास उशिरा विमानतळावर आलेत, पेढ्यांचे डबे घेऊन.

आणि संकष्टी जर त्या बदललेल्या तारखेची असेल तर हिशेब करा. तुम्ही पहाटे दोनला बसलात, सोळा तासांनी तिथे सकाळी साडेसातला उतरलात, पुढे तिथला चंद्र उगवणार रात्री नऊच्या सुमारास, तेव्हा सांगलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. म्हणजे उपास जवळपास तीस तासांचा होतो. आणि तिथली मंडळी तिथला चंद्रोदय धरतात, त्यामुळे तिकडची संकष्टी कधी कधी इकडच्या कॅलेंडरपेक्षा एक तारीख आधीच पडते, म्हणजे तुमचं कॅलेंडर बॅगेत नेऊन उपयोग नाही. शुगर असताना तीस तास मला तरी मान्य नाही, गणपतीलाही नसेल. गोळ्या-इन्सुलिनचं मात्र मी बोलणार नाही, डॉक्टरांना एका कागदावर लिहून द्या: निघायची वेळ, एकूण किती तास हवेत, उतरल्यावर तिथे किती वाजलेले असतील. घड्याळ बघून औषध घ्यायचं की तास मोजून हे ते सांगतील. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत नको.

प्रश्न (लातूरचा एक अकरावीचा विद्यार्थी): वेबसाइट न बघता दोन शहरांमधलं हवाई अंतर हाताने काढता येतं का? मी काढून पाठवलंय, बरोबर आहे का सांगा. सर म्हणाले असं येत नाही.

येतं. आम्ही सुरुवातीला काढायचो, कॉम्प्युटर बंद पडला की नंतरही काढायचो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, किंवा ६० नॉटिकल मैल, आणि नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, विमानवाले आणि जहाजवाले अजून त्यातच मोजतात. रेखांशाचा अंश मात्र वर जाऊ तसा आखडत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मग पायथागोरस.

तू मुंबई १९.१ आणि ७२.९, दिल्ली २८.६ आणि ७७.१ धरलंयस, ठीक. अक्षांशात फरक ९.५, गुणिले १११, आले १,०५४. रेखांशात फरक ४.२, गुणिले १११, गुणिले २४ अंशांचा कोसाइन, आले ४२६. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, १,१३७. माझ्याही वहीत तेवढंच येतं. सरांना सांग की हे जवळच्या शहरांना चालतं, लातूर–मुंबई, पुणे–दिल्ली, हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत. न्यूयॉर्कला हे लावलंस तर पार फसशील, तिथे वर सांगितलेला दोरा लागतो, म्हणजे गोलावरची त्रिकोणमिती, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ धरून, ती बारावीनंतर कर.

खरं अंतर १,१४० च्या आसपास, तुझं १,१३७. तीन किलोमीटर चुकलास. मुंबईची मोठी धावपट्टीच साडेतीन किलोमीटरच्या जवळपास आहे, तेव्हा चालवून घेतो.